बोर्ड पाणी प्यायलेला निघाला

विंडसर्फिंगचं जुनं सामान घेणार असाल तर आधी हे वाचा. माझे ८५ हजार गेले, तुमचे जाऊ नयेत.

दोना पावलाला दोन मोसम भाड्याच्या बोर्डवर शिकलो, मग स्वतःचा सेट हवासा वाटू लागला. ऑनलाइन जाहिरात सापडली: १६० लिटरचा बोर्ड, साडेसहा चौरस मीटरचं शीड, शंभर टक्के कार्बनची डोलकाठी. माझं वजन ७२ किलो. नवशिक्याला आपल्या वजनाच्या आकड्यात ८०-९० मिळवून तेवढ्या लिटरचा बोर्ड लागतो, म्हणजे मापात चूक नव्हती. चूक झाली ती माल बघण्यात. संध्याकाळी सातला, पार्किंगच्या मिणमिणत्या दिव्याखाली. "अजून दोन गिऱ्हाईकं आहेत," असं विकणारा सारखं म्हणत होता. पांढराशुभ्र रंग बघून मी हुरळलो आणि जागच्या जागी यूपीआय केलं.

तिसऱ्या दिवशी बोर्ड पाण्यात जड पडायला लागला. किनाऱ्यावर आणून डोलकाठी बसवायच्या खाचेजवळ अंगठा दाबला, तर पावात रुतावा तसा रुतला. नखाने रंग खरवडला. खाली पुट्टी, पुट्टीखाली बोटभर लांब चीर. डोलकाठीचा सगळा ताण तिथेच येतो, आणि तिथून आतल्या थर्माकोलमध्ये पाणी मुरलं होतं. काट्यावर ठेवला: साडेसतरा किलो. कंपनीच्या माहितीप्रमाणे हा बोर्ड साडेबाराचा. पाच किलो पाणी पोटात घेऊन मी वाऱ्याला दोष देत होतो.

मग डोलकाठी तपासली. बुंध्याजवळचं 'सी १००'चं स्टिकर कोपऱ्यातून सुटलं आणि खाली मूळचं 'सी ३०' दिसलं, म्हणजे कार्बन जेमतेम तीस टक्के, बाकी काचतंतू. शिडाची पारदर्शक फिल्म उन्हाने इतकी कडक झाली होती की कोपरा वाकवताच पापडासारखी तडकली.

विकणाऱ्याचा फोन बंद आहे. पोलिसांत अर्ज दिलाय.

तुम्ही भर दिवसा जा, वजनकाटा बरोबर न्या. खाच, फिनची (बोर्डखालच्या कल्ल्याची) पेटी, पायपट्ट्यांचे स्क्रू, सगळीकडे अंगठा दाबा, बोटाच्या पेराने ठोकून बघा. धड बोर्ड टणक वाजतो, सडलेला बद्द. विकणारा घाई करू लागला तर सरळ परत फिरा.

परवा एक नवी जाहिरात दिसली. नाव वेगळं, बोर्ड वेगळा, पण फोटोत मागे माझ्या बोर्डच्या जाहिरातीतलाच निळा पत्रा आणि बोर्डवर तसाच ताजा पांढरा रंग.