डॉइचरचं ट्रॉट्स्कीचरित्र: तीन खंड घ्यावेत की एकच?

ठाण्यातल्या अभ्यासमंडळासाठी आयझॅक डॉइचरचं ट्रॉट्स्कीचरित्र (रशियन क्रांतीचा नेता आणि पुढे स्टालिनचा विरोधक असलेल्या ट्रॉट्स्कीचं) घेत असाल, तर 'व्हर्सो' प्रकाशनाचे तीन सुटे खंड घ्या. २०१५ चा एकत्रित खंड दीड हजार पानांच्या वर जातो. सीएसएमटी लोकलमध्ये उभ्याने तो धरवत नाही आणि एकाने घरी नेला की बाकीच्यांचं वाचन अडतं. सुटे खंड हातोहात फिरतात: पहिला १८७९ ते १९२१, दुसरा १९२९ पर्यंत, तिसरा १९४० मधल्या खुनापर्यंत.

मजकूर अव्वल आहे. ट्रॉट्स्कीच्या पत्नी नताल्या सेदोवा यांच्या परवानगीमुळे हार्वर्डमधली बंद कागदपत्रं डॉइचर यांना पाहता आली. तिसऱ्या खंडाचं वजन त्यातून आलं आहे. मात्र लेखकाच्या निष्ठा कुठे होत्या, हे माहीत नसेल तर मंडळातली चर्चा हमखास भरकटते. १९४९ चं स्टालिनचरित्र वाचून आलेला त्यांना स्टालिनवादी ठरवतो, हे तीन खंड वाचलेला ट्रॉट्स्कीवादी. दोघंही चुकतात.

१९३२ साली पोलिश कम्युनिस्ट पक्षाने त्यांना काढून टाकलं. हिटलरला अडवायला समाजवाद्यांशी हातमिळवणी करा, असं त्यांनी लिहिलं होतं. ठपका आला नाझींचा धोका फुगवून घबराट पसरवल्याचा. पुढच्याच जानेवारीत हिटलर चान्सलर झाला. १९३८ मध्ये ट्रॉट्स्कीने चौथी इंटरनॅशनल ही आपल्या अनुयायांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली, तेव्हा पोलिश ट्रॉट्स्कीवाद्यांनी विरोध केला आणि त्या विरोधाची मांडणी डॉइचर यांची होती: चळवळीला ओहोटी लागलेली असताना अशी संघटना उभी राहणार नाही. म्हणजे ना पक्ष, ना ज्याचं चरित्र लिहिलं तो नेता. निष्ठा होती ती ऑक्टोबर क्रांतीवर, आणि ती शेवटपर्यंत टिकली.

पुस्तकाचं बळ त्या निष्ठेत आहे, आणि दोषही तिथूनच येतो. सोव्हिएत व्यवस्था आतूनच सुधारेल, अशी त्यांची खात्री होती. त्यामुळे १९५३ चा पूर्व बर्लिनमधला कामगारांचा उठाव त्यांना सुधारणेच्या वाटेतली धोंड वाटला, आणि १९५६ च्या हंगेरीबद्दलही त्यांचा हात आखडता राहिला. क्रोनश्टाटची, म्हणजे १९२१ मध्ये तिथल्या खलाशांनी बोल्शेविक सत्तेविरुद्ध केलेल्या बंडाची, पानं वाचताना हे डोळ्यांपुढे ठेवा आणि जोडीला पॉल ॲव्हरिचचं १९७० चं क्रोनश्टाटवरचं पुस्तक घ्या. नाहीतर खलाशांची बाजू मंडळापुढे नीट येतच नाही.

वाचनाचा क्रम असा ठेवा. आधी पहिल्या खंडाचं शेवटचं प्रकरण, 'विजयातला पराभव' अशा अर्थाच्या शीर्षकाचं. लगेच तिसऱ्या खंडाचा उपसंहार, ज्याचं शीर्षक नेमकं उलटं आहे: 'पराभवातला विजय'. लेखकाची सगळी आशा या दोन टोकांत दिसते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर वाचणाऱ्याला ती कुठे फसली तेही दिसतं. मग दुसरा खंड सलग वाचा. पक्षांतर्गत लढाई बहुमताच्या ठरावांनी कशी हरली जाते, हे त्याच्याइतकं बारकाईने क्वचितच कुणी लिहिलं असेल. आपल्याकडच्या कम्युनिस्ट पक्षातली १९६४ ची फूट जवळून पाहिलेल्या ज्येष्ठांना या चर्चेला आवर्जून बोलवा.

स्टालिनला लाकडी नांगराचा रशिया मिळाला आणि त्याने मागे ठेवला तो अणुभट्टीचा, हे वाक्य चर्चिलच्या नावावर फिरतं. ते मुळात डॉइचर यांचं, १९५३ मधलं.

लेनिनसाठी मात्र दुसरा लेखक शोधावा लागेल. १९६७ मध्ये रोममध्ये डॉइचर गेले, तेव्हा लेनिनचरित्र अर्धवटच होतं. छापून आला तो फक्त बालपणाचा भाग.