बिलात दोन प्लग, गाडीत एकच नवा

जोडप्लगची, म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटवणारे दोन स्पार्क प्लग असलेली, मोटारसायकल वापरणाऱ्यांनी हे वाचावं, कारण ही फसवणूक गाडी चालवून लक्षात येत नाही. गॅरेजवाला दोन प्लग आणि त्यांना ठिणगीची वीज पुरवणाऱ्या दोन कॉईल बदलल्याचे पैसे घेतो. प्रत्यक्षात हाताला लागणारा एक प्लग आणि एक कॉईल तेवढी बदलतो. आत खोलवर गंजून जाम झालेला दुसरा प्लग जिथल्या तिथे राहतो. गाडी लगेच सुरू होते, गॅरेजसमोर एक चक्कर मारली तरी बरी वाटते आणि गिऱ्हाईक पैसे देऊन घरी जातं.

माझी गाडी पल्सर १५०, जुनं मॉडेल. बजाजने २००३ साली डीटीएस-आय, म्हणजे डिजिटल ट्विन स्पार्क इग्निशन आणलं. तेव्हापासून या इंजिनात एकाच सिलिंडरला दोन प्लग आले. दोन्हीकडून एकदम ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं. प्लग दोन, म्हणून कॉईलही दोन. त्या टाकीखाली चेसिसला लावलेल्या असतात. एका बाजूचा प्लग साध्या प्लगपान्याने निघतो. दुसरा हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणासारख्या भागातल्या, खोल खळग्यात बसलेला असतो. त्या खळग्यात पावसाचं पाणी आणि चिखल साठतो, प्लगचा षटकोन गंजतो आणि ॲल्युमिनियमच्या आट्यांत त्याचा लोखंडी भाग घट्ट धरून बसतो. तो काढायला वेळ लागतो, योग्य मापाचा पातळ पाना लागतो आणि धीर लागतो. हे तिन्ही वाचवायची सोय इंजिननेच करून ठेवली आहे. जोडीतला एक बैल बसला तरी दुसरा गाडी ओढत राहतो, तशी ही गाडी एका प्लगवरही सपाट रस्त्याला चालते. पिकअप पडतो, ॲव्हरेज पडतं, पण गाडी बंद पडत नाही. लबाडी करणाऱ्याचं इथेच फावतं.

मी सासवडला राहतो, कामाला हडपसरला जातो, म्हणजे दिवे घाट रोजचाच. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी घाटात मिसिंग मारायला लागली, म्हणजे मधूनच ठिणगी चुकायला लागली, तिसऱ्या गिअरला झटके खायची. हडपसरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. मालकाने रेस देऊन आवाज ऐकला आणि सांगून टाकलं, "दादा, दोन्ही कॉईल गेल्यात. प्लग पण टाकून देऊ, परत बघायलाच नको." मीटर लावला नाही, एक प्लग काढून त्याचा रंगही बघितला नाही. ओरिजिनलच माल टाका, असं मी बजावून सांगितलं, त्यानेही मान डोलावली. संध्याकाळी बिल झालं २,८०० रुपये: कॉईल दोन, १,९००, प्लग दोन, ३००, मजुरी ६००. गॅरेजचं नाव छापलेल्या पॅडवर पेनाने लिहिलेलं, नंबर नाही, जीएसटी नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "ते कचऱ्यात गेले दादा, काय करणार त्यांचं?" पैसे मी यूपीआयने दिले. ती नोंद आणि तो कागद पुढे फार कामाला आला.

थोडे दिवस गाडी चालली. मग मागे बायको आणि पुढे टाकीवर मुलगी असताना दिवे घाटाच्या एका वळणावर ती पूर्ण बंद पडली. आधी मिसिंग नाही, झटका नाही. मागून डंपर चढत होता. त्याच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून हे लिहायला मी आहे. एक प्लग बंद पडला तर दुसऱ्याने घरापर्यंत पोचवायचं, ही दोन प्लगांची जमेची बाजू. माझ्या गाडीत दुसरा आधीच मेलेला होता आणि त्याचे पैसे भरून मी निर्धास्त फिरत होतो. पैशाचं दुःख त्या मानाने लहान आहे.

सासवडला एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी इंजिन थंड होऊ दिलं. गरम ॲल्युमिनियममधून प्लग ओढला की आटे त्याच्याबरोबर निघून येतात, हे ते प्रत्येकाला सांगतात. मग टाकी उतरवून मला जवळ बोलावलं. एक कॉईल कोरी, पण तिच्यावर ना कंपनीचं नाव ना पार्ट नंबर. दुसरीवर कित्येक वर्षांचा वाळलेला चिखल, तिच्या बोल्टवरचा गंजसुद्धा मोडलेला नव्हता. नंतर खळग्यात टॉर्च मारला. "साहेब, हा कधी निघालाच नाही. पान्याची एक तरी खूण दिसते का बघा." दिसली नाही. मी तिथेच फोटो काढले, व्हिडिओ काढला आणि मगच त्यांना पुढचं काम करू दिलं.

तो प्लग काढायला त्यांनी जी पद्धत वापरली ती सांगतो, कारण "निघतच नाही" ही सबब तुम्हालाही ऐकवली जाईल. आधी खळग्यात हवा मारून सगळी माती बाहेर काढली, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते. मग गंज सोडवणारं तेल मारून गाडी रात्रभर ठेवली. सकाळी पाव फेरा उलटा, पुन्हा सुलटा, परत थोडं तेल, पुन्हा पाव फेरा. कुठेही हिसका नाही. प्लग आट्यांसकट सलामत बाहेर आला. त्याचा इलेक्ट्रोड, म्हणजे ठिणगी पाडणारं टोक, झिजून गॅप एवढा वाढला होता की ठिणगी पडणं अशक्यच. म्हणजे पावसाळ्यानंतरच्या मिसिंगचं कारण हा एवढा प्लग! जुन्या कॉईलला चाचांनी मल्टिमीटर लावला: आतल्या बारीक तारेचा रोध काही हजार ओहम, जाड तारेचा अगदी थोडा, जसा असायला हवा तसाच. ती कॉईल ठणठणीत होती. तिच्या जोडीची जी काढून नेली तिचं काय होतं ते आता कळायला मार्ग नाही, पण रेसचा आवाज ऐकून तिला बाद करणारा माणूस खोटं बोलत होता एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

आणि जो एक नवा प्लग टाकला तोही डुप्लिकेट. नाव एनजीके या प्लग बनवणाऱ्या कंपनीचं होतं. चिनीमातीवरची अक्षरं नखाने खरवडताच फिसकटली. खालचा वॉशर हाताने गरगर फिरून निघून आला. अस्सल प्लगचा वॉशर दाबून अडकवलेला असतो, सहजी निघत नाही. मधला इलेक्ट्रोड मध्यावर नव्हता. एनजीकेच्या नंबरात आर हे अक्षर असेल तर आत साधारण ५ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो, तो वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मीटरवर दिसतो. यावर आर छापलेला होता, मीटरवर जवळजवळ शून्य. घाटात बंद पडला तो हाच.

फोटो घेऊन हडपसरला गेलो. मालक आधी ओळखच दाखवेना. मग म्हणाला, "दादा, तो प्लग जाम होता. जबरदस्ती केली असती तर आटे गेले असते, हेडचा खर्च तुमच्यावर आला असता." हे ऐकून माझा राग आणखी वाढला, कारण यातलं पहिलं वाक्य खरं आहे. जाम प्लग न काढणं हा गुन्हा नाही. अवघड कामाला नाही म्हणणारा मेकॅनिक मला प्रामाणिक वाटतो, "तो निघत नाही, एकाचेच पैसे द्या" म्हणाला असता तर मी त्याचे आभार मानले असते. पण न केलेल्या कामाची मजुरी आणि न घातलेल्या पार्टची किंमत बिलात लिहिणं, ही चोरी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ नंबरला, तक्रार करतो म्हटल्यावर त्याने एक कॉईल आणि दोन्ही प्लगांचे पैसे परत केले. मजुरी दिली नाही. मी तक्रार तरीही नोंदवली.

तुमच्याकडे असं काम निघालं तर आधी दोन प्लगांची आपसात अदलाबदल करायला सांगा, फुकटात होतं. खराबी प्लगबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष प्लगचा. जागेवरच राहिली तर मग प्लगवर बसणारी कॅप, तिची वायर आणि शेवटी कॉईल बघायची. कॅप फिरवून काढली आणि वायरचं टोक जरासं कापून पुन्हा बसवलं की बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. माल सीलबंद खोक्यात, छापील किमतीसह, शक्यतो स्वतः आणलेला असावा. खोकं आपल्यासमोर उघडायला लावा. जुने प्लग आणि जुन्या कॉईल काम सुरू होण्याआधीच मागून ठेवा, नंतर त्या नेहमी कचऱ्यातच गेलेल्या असतात. जुना प्लग हातात आला की कोणता काढला, कोणता नाही, हे वेगळं विचारावं लागत नाही.

पैसे देण्याआधी एक तपासणी करायला लावाच. इंजिन बंद असताना एका बाजूची कॅप काढून ती एखाद्या जादा प्लगमध्ये घालायची आणि त्या प्लगची लोखंडी बाजू हेडला टेकवून ठेवायची. मग गाडी सुरू करायची. कॅपला हात लावायचा नाही, शॉक जबर बसतो; कॅप नुसती लोंबती ठेवली तर कॉईलही खराब होऊ शकते. एका प्लगवर इंजिन चालू राहिलं पाहिजे. मग तसंच दुसऱ्या बाजूने करायचं. एखाद्या बाजूला इंजिन बंद पडलं तर त्या वेळी जो प्लग एकटा कामावर होता, तो किंवा त्याची कॉईल काम करत नाही. हे करायला मेकॅनिकने टाळाटाळ केली तर टाकी उतरवून दोन्ही कॉईल बघायला मागा.

आणि काम आधीच होऊन गेलं असेल तरी कागद फेकू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील करणंही सक्तीचं नाही. पेनाने लिहिलेलं बिल, यूपीआयची नोंद, प्लग काढण्याआधी काढलेले फोटो आणि दुसऱ्या फिटरने दोन ओळी लिहून सही केलेला कागद, एवढं जमवून ठेवा. चाचांनी मला तसा कागद न मागता लिहून दिला होता.