ब्रॉम्ली आणि स्टेटन आयलंड: आकार सारखा, अधिकार वेगळे

दोन्ही बरोंचं (म्हणजे मोठ्या शहराच्या प्रशासकीय विभागांचं) क्षेत्रफळ जवळपास सारखंच, साधारण १५० चौरस किलोमीटर. ब्रॉम्ली लंडनच्या आग्नेय टोकाला; आकाराने तिथलं सर्वांत मोठं बरो, पण बराचसा भाग ग्रीन बेल्टमध्ये, म्हणजे शेतं आणि रानं. न्यूयॉर्कचं स्टेटन आयलंड हे चक्क बेट. १९६४ मध्ये व्हेराझानो पूल झाला तेव्हा कुठे ते ब्रुकलिनशी रस्त्याने जोडलं गेलं. मॅनहॅटनची फेरी मात्र फुकट!

कारभारात जमीन-अस्मानाचा फरक. ब्रॉम्लीची निवडून आलेली कौन्सिल स्वतःचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरांवरचा स्थानिक कर, ठरवते, कचरा उचलते, बांधकामाला परवानगी देते. पोलीस आणि बस यांसारख्या गोष्टी मात्र लंडनच्या महापौरांकडे.

स्टेटन आयलंडला स्वतःची कौन्सिलच नाही. बरो प्रेसिडेंटला, म्हणजे बरोच्या निवडून आलेल्या प्रमुखाला, १९९० पर्यंत बोर्ड ऑफ एस्टिमेट या शहराचं बजेट आणि जमिनीचा वापर ठरवणाऱ्या मंडळात मत होतं. ते मंडळ गेलं आणि उरला मुख्यतः सल्ला देण्याचा मान. सिटी कौन्सिलच्या ५१ जागांपैकी इथल्या फक्त ३. त्यात शहराचा कचरा अनेक दशकं इथल्याच फ्रेश किल्स कचराडेपोत पडत होता. मग १९९३ मध्ये लोकांनी वेगळं शहर व्हायचा कौल दिला, यात नवल ते काय? तो राज्याच्या विधिमंडळात अडकला. स्थानिक सत्ता हवी असेल, तर माझं मत ब्रॉम्लीच्या पारड्यात.