'पंधरा वर्षांचा कप्तान': नऊ महिन्यांच्या वाचनानंतर

वैशाखात विकत घेतलेले पुस्तक कार्तिकात सुटे झाले आणि माघात वाचून संपले, म्हणून हा अनुभव आता लिहीत आहे. ज्यूल व्हर्नच्या १८७८ सालच्या या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर मी ३९९ रुपयांना घेतले आणि दर शनिवारी रात्री त्यातले एक प्रकरण सहावीतल्या माझ्या मुलीला मराठीतून सांगत गेले. सव्विसाव्या शनिवारी, गुलामांचा तांडा कझोंडेच्या बाजाराकडे चाललेला असताना, पुस्तक मांडीवर उघडे होते आणि कण्याजवळची पाने निसटून गादीवर पसरली. शिवण मुळात नव्हतीच. सुटी पाने एकावर एक रचून केवळ गोंदाने चिकटवलेली होती. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तेव्हा परतीची दहा दिवसांची मुदत उलटून गेल्याचे उत्तर आले. पुन्हा लिहिले, तर तेच उत्तर शब्दशः पुन्हा आले. पैसे मोजून घेतलेले पुस्तक एका वाचनालाही पुरू नये, याचा मला मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

तरीही माझी मोठी तक्रार बांधणीची नाही, नकाशाची आहे. या आवृत्तीत एकही नकाशा नाही. कथेचा सगळा डोलारा दिशेवर उभा आहे, हे ही कादंबरी वाचलेल्यांना सांगायला नको. १८७३ च्या फेब्रुवारीत 'पिलग्रिम' हे देवमाशांच्या शिकारीचे जहाज दक्षिण प्रशांत महासागरात आहे. कप्तान हल आणि त्याचे खलाशी देवमाशाच्या तडाख्यात एकाच वेळी मरतात आणि पंधरा वर्षांच्या अनाथ डिक सँडच्या हाती सुकाणू येते. स्वयंपाकी नेगोरो होकायंत्राखाली लोखंडाचा तुकडा सरकवतो. मुलगा समजतो की आपण पूर्वेला दक्षिण अमेरिकेकडे निघालो आहोत. प्रत्यक्षात जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून अटलांटिकमध्ये शिरते आणि आफ्रिकेतल्या अंगोलाच्या किनाऱ्यावर आदळते. अक्षांश-रेखांश पानोपानी दिलेले असताना ते बोटाने दाखवायला एक चौकोनभर नकाशा असू नये, ही कंजुषी मला असह्य झाली. पहिले तीन महिने शालेय ॲटलास उशाशी ठेवूनच मी वाचत होते, आणि त्याच काळात हे लिहिले असते तर एका ताऱ्यापलीकडे काही दिले नसते.

श्रावणात माझे मत बदलले. होकायंत्राचे प्रकरण मुलीला पटेना. एवढ्याशा लोखंडाने एवढे जहाज कसे फसेल, असे ती विचारत राहिली. मग तिच्या विज्ञानाच्या पेटीतले होकायंत्र आम्ही पाटावर ठेवले आणि पाटाखाली माझ्या आजीचा जुना लोखंडी अडकित्ता हळूहळू सरकवला. काटा आधी थरथरला, मग शांतपणे बाजूला वळला आणि तिथेच स्थिर झाला. पाटाकडे वरून पाहणाऱ्याला काही चुकले आहे असे वाटण्याचे कारणच नव्हते. मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आई, म्हणजे डिकची काहीच चूक नव्हती." त्या रात्री माझ्या लक्षात आले की पहिल्या भागात नकाशा असता, तर आम्ही त्या मुलाच्या पुढे चार पावले राहिलो असतो. हॅरिस नावाचा माणूस हा बोलिव्हियाचा किनारा आहे असे सांगून सर्वांना रानात आत आत नेतो, जिराफाला शहामृग म्हणतो, आणि आम्हीही डिकबरोबर त्यावर विश्वास ठेवत गेलो. पहिल्या भागाच्या शेवटी रानात जमिनीवर बेड्या आणि साखळ्या सापडतात, तेव्हा आपण आफ्रिकेत, गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या मुलखात आहोत हे कळते. लोखंडानेच फसवले आणि लोखंडानेच सत्य सांगितले, ही जुळणी मला ॲटलास मिटून ठेवल्यावरच दिसली.

दुसऱ्या भागाची सुरुवात गुलामांच्या व्यापाराच्या इतिहासाने होते. गोष्ट थांबते म्हणून ते प्रकरण मी आधी गाळले होते, ती माझी चूक होती. पोर्तुगालने १८३६ साली फर्मान काढून हा व्यापार बंद केला, अमेरिकेत १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, आणि तरीही १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत माणसांचे तांडे चालतच आहेत. कायदा कागदावर येणे आणि गळ्यातले जोखड उतरणे यांत किती अंतर असते, ते समजून घेतल्याशिवाय पुढची वाटचाल नुसती थरारकथा वाटते. व्हर्नने हे ऐकीव माहितीवर रचलेले नाही. आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंग्स्टन आणि कॅमेरॉन या ब्रिटिश प्रवाशांच्या वर्णनांतून त्याने बाजार, दलाल आणि तांडे उचलले आहेत. कझोंडेचा दलाल अल्वेझ याच्या मागे तर कॅमेरॉनला प्रत्यक्ष भेटलेला, अंगोलातल्या बिहे भागाचा त्याच आडनावाचा व्यापारी स्पष्ट दिसतो.

तांड्याचे प्रकरण डिकच्या रोजनिशीतून येते. वाक्ये तुटक, तारखा टाकलेल्या. दोन माणसांच्या माना एकाच लांब दांड्याच्या दोन टोकांच्या बेळक्यांत अडकवलेल्या, म्हणजे एक पडला की दुसऱ्याला ओढून उभे राहावे लागते. जहाजाच्या मालकाची बायको, प्रवासी वेल्डनबाई, यांची म्हातारी दाई नान त्या वाटेवरच संपते. लेखक तिथे शोकासाठी थांबत नाही, कारण तांडाही थांबत नाही. नेमकी हीच पाने आमच्या हातात सुटी झाली होती आणि क्रम लावून ती वाचताना माझा आवाज दोनदा अडखळला.

एक गोष्ट मात्र मला या कादंबरीला माफ करता येत नाही. जहाजावरच्या कृष्णवर्णीय प्रवाशांतला म्हातारा टॉम लहानपणी पकडून विकला गेलेला, अमेरिकेत मुक्त झालेला, आणि आता म्हातारपणी पुन्हा त्याच भूमीवर त्याच्या मानेत जोखड पडते. कथेत सर्वांत जास्त गमावलेला माणूस तोच आहे, पण त्याच्या मनात काय चालले आहे हे एकदाही सांगितलेले नाही. रोजनिशी आहे ती गोऱ्या मुलाची. टॉमचा धिप्पाड सोबती हर्क्युलिस याला बळ आणि निष्ठा दिली आहे, विचार फारसा दिलेला नाही. कझोंडेच्या राजाचे मरण तर तमाशासारखे रंगवले आहे. गुलामगिरीबद्दलची लेखकाची चीड खरी आहे, पण ज्यांच्यासाठी ती चीड आहे त्यांना त्याने पुरते बोलू दिलेले नाही. मुलीला वाचून दाखवताना ते मी प्रत्येक वेळी थांबून सांगितले, आणि घरात हे पुस्तक मुलांच्या हाती देणाऱ्या प्रत्येकाने तसे सांगावे, अशी माझी विनंती आहे.

आम्ही नाशिकचे असल्यामुळे हे मला जास्तच लागले. दुसऱ्या भागात सगळ्यांची आशा लिव्हिंग्स्टनवर असते आणि मग त्याच्या मृत्यूची बातमी येते. तो १ मे १८७३ रोजी वारला. त्याचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, आणि तो शिकला होता आमच्या शरणपूरला. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी ख्रिस्ती मिशनने तिथे आश्रम उघडला होता. लिव्हिंग्स्टनच्या मरणस्थळी झाडावर अक्षरे कोरणारा आणि पुढे शवपेटीबरोबर इंग्लंडपर्यंत गेलेला हा वेनराइटच. शरणपूर रोडवरून मी वीस वर्षे ये-जा करते आहे आणि या नावातल्या 'शरण' शब्दाचा अर्थ मला एका फ्रेंच कादंबरीच्या निमित्ताने कळला. टॉमला न मिळालेली लेखणी वेनराइटच्या हातात होती. त्याने स्वतः रोजनिशी लिहिली होती. हे सांगितल्यावर मुलीने पुढच्या रविवारी शरणपूरला जाऊया असा हट्ट धरला आणि आम्ही जाऊन आलो.

व्यवहाराचे सांगायचे तर ही छपाई घेऊ नका. अक्षर बारीक आहे, कागद पारदर्शक आहे आणि गोंद सहा महिनेही टिकत नाही. विकत घेण्याआधी पुस्तक मधोमध उघडून कण्यात दोरा दिसतो का ते पाहा. जुजबंदी, म्हणजे दोऱ्याने शिवलेली बांधणी, असलेली जुनी प्रत मिळाली तर तीच घ्या, पाने पिवळी असली तरी चालतील.

माझी प्रत मी गल्लीतल्या बाइंडरकडे नेली. सुट्या पानांची जुजबंदी होत नाही, म्हणून त्याने कडेला भोके पाडून दोऱ्याचे टाके घातले, वर जाड पुठ्ठा आणि पाठीला कापड लावले. नव्वद रुपये घेतले. ॲटलासवर बटर पेपर ठेवून मुलीने नकाशा गिरवला होता: न्यूझीलंडपासून केप हॉर्न, तिथून अंगोला, तुटक रेषेत डिकला वाटलेला मार्ग आणि सलग रेषेत खरा मार्ग. बाइंडर तो पहिल्या पानाआधी लावत होता. मी त्याला थांबवले आणि पहिला भाग संपतो त्या पानानंतर तो शिवून घेतला.