उजळणी वर्ग: दोन आठवड्यांतले उपयोगाचे तास

माध्यमिक शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते, महाविद्यालयात मात्र नेट-सेट या पात्रता परीक्षांवर किंवा पीएच.डी.वर नेमणूक होते आणि नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असले, तरी प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव कोणी करून घेत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ च्या सुमारास अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. २०१५ मध्ये त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. अशाच एका केंद्राचा प्राध्यापकांसाठीचा दोन आठवड्यांचा ऑनलाइन उजळणी वर्ग मी अलीकडेच पूर्ण केला.

बहुतेक सत्रांत विद्यार्थिकेंद्री अध्यापनाचे महत्त्व सलग दीड तासाच्या व्याख्यानातून सांगण्यात आले, ही विसंगती वक्त्यांपैकी कोणालाच खटकली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावरील सत्रांत तर तीच माहिती, बहुधा त्याच स्लाइडसह, पुन्हापुन्हा आली.

सहाध्यायी अध्यापनाचे सत्र मात्र वेगळे होते. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून रुजवलेली ही पद्धत सत्र घेणाऱ्या साधनव्यक्तींनी समजावून सांगण्याऐवजी आमच्यावरच वापरली. संकल्पनेवरचा एक बहुपर्यायी प्रश्न दिला आणि प्रत्येकाला एकट्याने उत्तर नोंदवायला लावले. बरोबर उत्तरे ३० टक्क्यांहून कमी आली तर संकल्पना पुन्हा शिकवायची, ७० टक्क्यांच्या वर गेली तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचे, आणि मधल्या टप्प्यात असतील तर विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालू देऊन पुन्हा मत घ्यायचे, असा हा साधा हिशोब आहे. प्रश्न चांगला तयार करणे हेच यातले खरे कष्टाचे काम, कारण चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजांतूनच घ्यावे लागतात. उत्तर नोंदवण्याचे बटणांचे यंत्र, म्हणजे क्लिकर, नसले तरी हात वर करून किंवा रंगीत कार्डे दाखवून भागते, त्यामुळे शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या प्रथम वर्षाच्या वर्गातही ही पद्धत चालू शकते.

सूक्ष्म अध्यापनही उपयुक्त ठरले. प्रत्येकाने काही मिनिटे शिकवायचे आणि इतरांनी अभिप्राय द्यायचा, असे त्याचे स्वरूप होते. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांनाही आपण फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोलतो हे तेव्हाच कळते. दुर्दैवाने यासाठी ठेवलेला वेळ फारच तोकडा होता, आणि अभिप्रायही ‘छान झाले, सर’ या पलीकडे क्वचितच गेले.

मूल्यमापन निराशाजनक होते. शेवटच्या बहुपर्यायी चाचणीत स्मरणाचे प्रश्न होते. पाठाची आखणी किंवा प्रश्नपत्रिका करून मागितली असती, तर अधिक काही हाती लागले असते. कॅस या प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेसाठी प्रमाणपत्र हवे म्हणून बरेच जण कॅमेरा बंद ठेवून बसतात, हे उघड गुपित आहे. त्यांना चाचणीची ही रीत सोयीचीच पडते.

प्रमाणपत्र कुठूनही मिळेल. शिकण्याच्या इच्छेने नाव नोंदवायचे असेल, तर वेळापत्रक आधी मागवून सूक्ष्म अध्यापनाला आणि गटकार्याला किती तास दिले आहेत ते पाहावे, आणि शक्य असल्यास निवासी वर्गच निवडावा.