तीन भाषांच्या विभागाला वर्डप्रेस आणि पॉलिलँग: कुठे जमते, कुठे अडते

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या कॉलेज-विद्यापीठाच्या एखाद्या विभागाची वेबसाइट नव्याने करायची ठरली की रंग आणि पहिल्या पानावरची सरकती चित्रे यांवरच तीन बैठका जातात. खरे काम असते कन्नड, इंग्रजी आणि मराठी एकाच मांडवात बसवण्याचे. त्यासाठी खिशाला परवडणारी जोडी म्हणजे वेबसाइट बांधण्याचे वर्डप्रेस आणि त्यावर अनेक भाषा चालवणारे पॉलिलँग हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर), तेही फुकट आवृत्तीतले. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा सूचनांच्या यादीपायी गेला, एक मराठी लिंकांपायी. ज्यांची वेबसाइट अजून ड्रुपल 7 या वर्डप्रेससारख्याच जुन्या सॉफ्टवेअरवर आहे त्यांना थांबून चालणार नाही. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार 5 जानेवारी 2025 ला संपला.

पॉलिलँगमध्ये प्रत्येक भाषेचे पान स्वतंत्र असते, तिन्ही पाने फक्त एकमेकांना जोडलेली राहतात. मराठीतली चूक दुरुस्त करताना कन्नड पानाला धक्का लागत नाही, हे फार सोयीचे. उलट बाजू अशी की विभागप्रमुख बदलले की नाव तीन ठिकाणी बदलावे लागते. एका भाषेचा मजकूर दुसऱ्या भाषेच्या नव्या पानात आपोआप उतरवणे विकतच्या आवृत्तीत आहे, फुकटात कॉपी-पेस्ट.

सूचनांचे दुखणे मात्र पहिल्याच आठवड्यात कळते. सर्क्युलर येते इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, मराठी भाषांतर होईतो दोन दिवस जातात. पॉलिलँग प्रत्येक यादी भाषेप्रमाणे गाळते आणि भाषांतर नसेल तर मूळ भाषेतली सूचना पर्याय म्हणून दाखवत नाही. म्हणजे मराठी पान उघडणाऱ्या विद्यार्थ्याला सूचनाफलक रिकामा दिसतो आणि फी भरायची तारीख उलटून जाते. उपाय आहे, पण तो सुरुवातीलाच करावा. वर्डप्रेसच्या नेहमीच्या ‘पोस्ट’ सूचनांसाठी वापरू नयेत, कारण त्यांना भाषा चिकटतेच. ‘सूचना’ नावाचा वेगळा पोस्ट-प्रकार करावा आणि पॉलिलँगच्या सेटिंगमध्ये त्यापुढची खूण काढून ठेवावी. मग तिन्ही भाषांच्या पानांवर एकच यादी लागते, आलेली सूचना ज्या भाषेत असेल तशी दिसते. आतले पान उघडल्यावर मराठीऐवजी मुख्य भाषेचा मेनू दिसू शकतो. ते चालवून घ्यावे.

आता मराठी लिंका. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता (लिंकेतला शेवटचा भाग) तयार करते आणि त्याला 200 अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटचे, पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासकट तीन अक्षरे, म्हणजे एका चिन्हाला नऊ. काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. सगळे मिळून जेमतेम 22 चिन्हे मावतात. ‘एमए दुसऱ्या सत्राचे अंतर्गत वेळापत्रक’ या शीर्षकाचा पत्ता ‘अंतर’ पाशी तुटतो! शिवाय तीच लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की टक्केचिन्हांची लांबलचक माळ उतरते आणि लोक तिला व्हायरस समजून हात लावत नाहीत. पत्ता प्रत्येक वेळी हाताने रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत भरावा. फुकट आवृत्तीत तिन्ही भाषांना एकच पत्तानाव चालत नाही, म्हणून शेवटी भाषेचे लघुरूप जोडण्याची पद्धत आधीच ठरवावी.

जुना मजकूर आणणे हे सर्वांत वेळखाऊ. मराठी फायली श्रीलिपीत, कन्नड नुडीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत टंकलेल्या असतात. थेट चिकटवल्या तर रोमन अक्षरांचा भुसा पडतो. युनिकोड कन्व्हर्टरमधून काढल्यावर ऱ्य, ऱ्ह, ज्ञ आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासावेत. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकदा ऱ आणि हलन्त घेऊन, एकदा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण एका तऱ्हेने टंकलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या तऱ्हेच्या शोधात सापडेलच असे नाही. पहिली तऱ्हा ठरवून सगळीकडे शोधून-बदलून घ्यावी. पॉलिलँगमध्ये भाषा निवडताना यादीतून ‘मराठी’च घ्यावी. देवनागरी म्हणून हिंदी निवडली तर स्क्रीन रीडर (अंधांना पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) मराठी मजकूर हिंदी उच्चारात वाचतो, आणि ज्या फॉन्टात मराठी वळणाच्या ल आणि श ची सोय आहे तीही वाया जाते. बेळगावचे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे बेळगावी झाले, तरी शोधणारे जुने नावही टंकतात. ‘विभागाविषयी’ या पानात दोन्ही रूपे एकदा तरी यावीत.

कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दिलेला एसएसआर (स्वयंअध्ययन अहवाल) आणि दरवर्षीचा एक्यूएआर (गुणवत्ता अहवाल) यांत जागोजागी वेबसाइटच्या लिंका दिलेल्या असतात. नव्या रचनेत त्या तुटल्या तर सादर केलेला पुरावाच गायब. काम सुरू होण्याआधी एका एक्सेलमध्ये जुना पत्ता, नवा पत्ता, ठेवायचे की काढायचे आणि जबाबदार कोण असे चार रकाने भरावेत आणि बदललेल्या प्रत्येक पत्त्याला 301 वळण, म्हणजे जुन्यावरून नव्यावर कायमचे नेणारी सोय, लावावे. पानांसाठी ‘रिडायरेक्शन’ हे प्लगइन पुरते. पीडीएफची वळणे मात्र कॉम्प्युटर सेंटरकडून सर्व्हरवरच लावून घ्यावीत, कारण काही सर्व्हर फायलींच्या मागण्या वर्डप्रेसपर्यंत पोहोचूच देत नाहीत.

पीडीएफची आणखी एक खोड. सुधारित टाइमटेबल त्याच नावाने चढवले तर वर्डप्रेस जुनी फाइल बदलत नाही. नव्या फायलीच्या नावापुढे ‘-1’ लावते, आणि महिना बदलला असेल तर ती वेगळ्या फोल्डरात टाकते. जुनी लिंक धरून बसलेल्याला जुनेच टाइमटेबल दिसत राहते. ‘एनेबल मीडिया रिप्लेस’ हे प्लगइन टाकले की त्याच लिंकवर नवी फाइल बसते.

विकतची आवृत्ती घ्यावी का? तीस-चाळीस पानांच्या विभागाला गरज नाही. ते पैसे कन्नड आणि मराठी पाने वाचून तपासणाऱ्या दोन माणसांना द्यावेत. दोघांना ‘संपादक’ दर्जाचे वेगवेगळे लॉगिन, तेही विभागाच्या ईमेलवर. ‘प्रशासक’ लॉगिन विभागप्रमुखांच्या पदाच्या ईमेलवर ठेवावे, वेबसाइट बांधणाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर नाही.