बायोप्सीवर दुसरं मत हवं असेल तर टिळकवाडीतली ही लॅब

स्तनाच्या गाठीची स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायची असेल, तर बेळगावात टिळकवाडीतल्या या लहानशा लॅबमध्ये खुशाल जावं. निपाणीहून आम्ही आक्काची स्लाइड आणि मेणातला ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात बसवलेला) घेऊन गेलो होतो. आधीच्या रिपोर्टात ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रथिन) तिन्ही निगेटिव्ह, म्हणजे 'ट्रिपल निगेटिव्ह', एवढंच होतं. लिम्फोसाइटचं, म्हणजे शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशींचं, नावही नव्हतं, आणि त्याची चीड मला अजून आहे.

इथल्या डॉक्टर बाईंनी स्लाइड लावून चित्र पडद्यावर दाखवलं. गाठीभोवतीच्या गुलाबी भागात गर्द जांभळे, बारीक, गोल ठिपके दाटीनं बसलेले. आक्का घाबरली. बाई लगेच म्हणाल्या, "अहो, ह्या कॅन्सरच्या पेशी नव्हेत. ह्या तुमच्याच संरक्षक पेशी, गाठीत शिरलेल्या." आक्का खुर्ची पुढं ओढून बघत बसली.

ट्रिपल निगेटिव्हमध्ये अशा पेशी जास्त असल्या तर ऑपरेशनआधीच्या केमोला गाठ चांगली दाद देण्याची शक्यता वाढते, हे त्यांनी सांगितलं. पण म्हणून केमो टळत नाही, हेही तितक्याच ठामपणे. गाठीत शिरलेल्या सगळ्याच संरक्षक पेशी आपल्या बाजूच्या नसतात. काही टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) इतरांना आवरून धरतात, तर काही मॅक्रोफेज (दुसऱ्या जातीच्या संरक्षक पेशी) गाठीलाच मदत करतात. शिवाय गाठ पीडी-एल-1 नावाचं प्रथिन दाखवून कॅन्सर मारणाऱ्या टी-पेशींना गप्प करते. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध तिचा हाच डाव मोडतं. लवकर सापडलेल्या पण जोखमीच्या ट्रिपल निगेटिव्हसाठी केमोबरोबर ते द्यायला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली. औषध फार महाग आहे. ते द्यायचं की नाही हे कॅन्सरतज्ज्ञांना विचारा, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. हा प्रामाणिकपणा मला फार भावला.

गाठीत शिरलेल्या या लिम्फोसाइटची टक्केवारी नेहमीच्याच स्लाइडवर काढतात, वेगळा महागडा रंग लागत नाही. मग ती प्रत्येक रिपोर्टात का नसावी?

काउंटरवर कन्नड, मराठी दोन्ही चालतं. रिपोर्ट मात्र निव्वळ इंग्रजीत. निदान शेवटच्या चार ओळी आपल्या भाषेत द्यायला हव्यात. बसायला जागा कमी आहे, पेशंटला सकाळी लवकरच न्या.

जाताना नुसती स्लाइड नेऊ नका, ब्लॉकही मागून घ्या. परत घेताना ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी ताडून बघा.